हरांबे

हरांबे : लोकवर्गणी आणि श्रमदानातून सार्वजनिक कामे उभारण्याची केनियातील प्रथा, तसेच स्वातंत्र्यानंतर याच नावाने चाललेली चळवळ. स्वाहिलीतील या हाकेचा अर्थ ‘सगळे मिळून ओढा’ असा होतो. केनियाच्या राजचिन्हावर ढालीखालच्या पट्टीत हाच शब्द आहे. आफ्रिकेच्या खेड्यांतील शाळा-दवाखान्यांचा विषय निघाला की परदेशी मदतसंस्थांची नावे पुढे येतात. केनियात मात्र गावकऱ्यांनी पदरमोड करून जे उभारले, ते आधी मोजायला हवे.

व्युत्पत्ती : शब्दाच्या उगमाविषयी दोन मते आहेत. भारतीय वाचकांच्या कानावर बहुधा पहिलेच आलेले असते. मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंतच्या युगांडा रेल्वेच्या बांधकामासाठी (१८९६–१९०१) ब्रिटिश हिंदुस्थानातून सुमारे ३२,००० मजूर करारावर नेण्यात आले. त्यांपैकी जवळपास २,५०० तिकडेच दगावले. रूळ उचलताना हे मजूर ‘हर, अंबे’ असा देवीचा धावा करत, तो स्थानिकांनी उचलला आणि त्याचा ‘हरांबे’ झाला, असे सांगतात. याच समजुतीपोटी राष्ट्रीय बोधवाक्यात परधर्मीय देवतेचे नाव कशाला, असा आक्षेप केनियातील काही ख्रिस्ती मंडळींनी घेतला आहे. पण मजुरांची भरती मुख्यतः पंजाबातून झाली होती आणि त्यांत मुसलमान व शीख मोठ्या संख्येने होते. शिवाय देवीच्या जयघोषात ‘जय अंबे’ किंवा ‘उदो’ रुळलेले आहे. ‘हर’ हे शंकराचे नाव आणि त्याचा गजर ‘हर हर महादेव’. ‘हर अंबे’ ही जोडी निदान मराठी कानाला अनोळखीच. दुसरे मत किनारपट्टीच्या बांटू भाषांकडे, विशेषतः मिजिकेंडा समूहाकडे, बोट दाखवते. जड ओझे एकजुटीने ओढताना हमालांनी दिलेली ‘हलांबे’सारखी हाक स्वाहिलीत आली असावी, असे या मताचे म्हणणे. ‘ल’ आणि ‘र’ यांची अदलाबदल बांटू भाषांत नवलाची नाही. ध्वनी आणि प्रसंग दोन्ही जुळत असल्याने हे मत अधिक ग्राह्य वाटते. रेल्वेच्या कामावर दोन हाका एकमेकींत मिसळल्या असण्याची शक्यता मात्र साफ नाकारता येत नाही.

पूर्वपीठिका : परस्परश्रमाची चाल तेथील अनेक समाजांत जुनी आहे. किकुयू जमातीचे लोक तिला ‘न्ग्वाटिओ’ म्हणतात, कांबा जमातीचे ‘म्वेथ्या’. आपल्याकडील सावड किंवा इर्जिक ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ती समजावून सांगायची गरज नाही. वसाहतकाळात याच सामूहिक श्रमाची वेठ झाली. मुरांगा भागात १९४० च्या दशकात उतारावर बांध घालण्याच्या सक्तीविरुद्ध बायका उठल्या होत्या. शाळांच्या बाबतीत खरा पूर्वसूरी म्हणजे किकुयूंच्या स्वतंत्र शाळा. मुलींच्या सुंतेवरून १९२९ च्या सुमारास मिशनांशी वाद पेटला, तेव्हा अनेक कुटुंबांनी मिशनच्या शाळा सोडून वर्गणीतून आपल्या शाळा काढल्या. त्यांना शिक्षक मिळावेत म्हणून १९३९ मध्ये म्बियू कोइनांगे यांनी गिथुंगुरी येथे महाविद्यालय सुरू केले. पुढे जोमो केन्याटा त्याचे प्रमुख झाले. माऊ माऊ बंडामुळे १९५२ मध्ये पुकारलेल्या आणीबाणीत वसाहतीच्या सरकारने ते बंद पाडले.

शाळा : १ जून १९६३ रोजी अंतर्गत स्वराज्य मिळाले आणि पंतप्रधान झालेल्या केन्याटांनी ‘हरांबे’ ही देशाची हाक केली. सरकारी माध्यमिक शाळांत जागा मोजक्या होत्या. प्राथमिकची परीक्षा देऊन घरी बसणारी मुले गावोगाव दिसत होती. त्यामुळे लोकांनी सर्वांत आधी शाळाच बांधल्या. काही वर्षांतच हरांबे माध्यमिक शाळांची संख्या सरकारी शाळांपेक्षा जास्त झाली. सरकारी शाळेत जागा न मिळालेली मुले इथे येत. फी जास्त, शिक्षक बहुधा अप्रशिक्षित, प्रयोगशाळा क्वचित. निकालही त्यामुळे मागे राहत. तरीही ज्या मुलांसाठी दुसरे दारच नव्हते, त्यांच्या दृष्टीने या शाळांचे मोल निकालाच्या टक्क्यांत मावत नाही. १९७० च्या दशकात तंत्रशिक्षण संस्थांची लाट आली. न्येरीजवळची किमाथी संस्था त्यांतलीच. आज ती विद्यापीठ आहे.

दवाखाने : आरोग्याच्या कामाची नोंद शाळांइतकी भरभक्कम नाही. ठरलेली रीत अशी की, भिंती आणि छप्पर गावाने घालायचे, परिचारिका आणि औषधे सरकारने द्यायची. इमारत तयार झाली की सरकारला माणूस पाठवावाच लागेल, हा त्यामागचा हिशेब. संशोधकांनीही तो ओळखला आहे. शाळांच्या बाबतीत तो पुष्कळदा बरोबर ठरला. दवाखान्यांच्या बाबतीत कमी, आणि कुलूपबंद इमारती तशाच राहिल्या. २०१० च्या राज्यघटनेने ग्रामीण आरोग्यसेवा ४७ काउंटींकडे (निर्वाचित स्थानिक शासन असलेल्या जिल्ह्यांकडे) सोपवली.

सभेचे स्वरूप : हरांबेची वर्गणी जाहीर सभेत गोळा होते. मैदानात मंडप, समोर टेबल, टेबलावर वही. आधी छापील कार्डे घरोघर फिरलेली असतात. त्यांवर नाव आणि रक्कम लिहून घेतात. सभेच्या दिवशी प्रत्येक नाव आणि रक्कम ध्वनिक्षेपकावरून पुकारली जाते. ज्याच्याकडे रोकड नाही तो कोंबडी, अंडी किंवा बकरी आणतो; तिचा तिथेच लिलाव होतो. महिलांचे बचतगट पत्र्यांसाठी पैसा जमवत, म्हणून मध्य केनियात त्यांना ‘माबाती’ (पत्रा) गट असेच नाव पडले. चारचौघांत नाव पुकारण्यात लाजही आहे, दबावही. पश्चिम केनियातील बुसिया भागाचा अभ्यास करणाऱ्या मिगेल आणि गुगर्टी यांना आढळले की, अनेक वांशिक गट एकत्र राहतात तिथे हा दबाव चालत नाही आणि शाळेची वर्गणीही कमी पडते.

मूल्यमापन : म्बिथी आणि रासमुसन या संशोधकांनी १९७७ मध्ये हरांबेकडे खालून उठलेली, सरकारला आपल्या गरजांकडे खेचणारी शक्ती म्हणून पाहिले. इतरांनी तीत राजकीय वशिलेबाजी पाहिली. पहिल्या दोन दशकांपुरते पहिले मत पटते. पुढच्या काळाला दुसरे अधिक लागू पडते. प्रमुख पाहुणा म्हणून आलेला आमदार किंवा मंत्री मोठी रक्कम जाहीर करी, निवडणुकीच्या तोंडावर तर अधिकच. प्रशासकीय अधिकारी सक्तीने वसुली करीत, अशाही तक्रारी होत्या. २००३ च्या कायद्याने सार्वजनिक सेवकांच्या हरांबेतील सहभागावर बंधने आणली. जुलै २०२४ मध्ये, तरुणांच्या आंदोलनानंतर, राष्ट्राध्यक्ष रुटो यांनी हा सहभाग बंदच करण्याचा आदेश दिला. प्रादेशिक विषमता हा दोष मात्र कायद्याने सुटणारा नव्हता. चहा-कॉफीचा पैसा असलेल्या मध्य प्रांतात शाळा झपाट्याने उभ्या राहिल्या. तुर्काना, मार्साबित, मंदेरा या उत्तरेकडील कोरड्या, पशुपालकांच्या मुलुखात त्या मानाने फारच थोड्या.

सद्यःस्थिती : २००३ पासून प्राथमिक शिक्षण मोफत झाले आणि त्याच वर्षी मतदारसंघ विकास निधी आला, तेव्हापासून वर्गखोल्यांसाठी सभा भरवण्याची निकड कमी झाली. आता हरांबे बहुधा एकेका कुटुंबासाठी होते : रुग्णालयाचे बिल, महाविद्यालयाची फी, अंत्यविधी. २००७ मध्ये सुरू झालेल्या एम-पेसावरून पैसे मोबाइलवर येतात आणि देणाऱ्यांची यादी व्हॉट्सअॅपच्या गटात टाकली जाते. नाव आणि त्यापुढे रक्कम, ही रीत तशीच आहे.