चिपाड जाळायच्या आधी

पन्हाळ्याच्या रस्त्याला डिसेंबरात गेलं की गुऱ्हाळ शोधावं लागत नाही, वासच गाडी थांबवतो. मागच्या हंगामात मी असाच थांबलो. काहिलीत रस उकळत होता. भेंडीच्या चिकट पाण्यानं वर आलेला मळकट फेस एक जण झाऱ्यानं बाजूला काढत होता. खाली चुलवाणाच्या तोंडाशी बसलेला जळव्या वाळलेलं चिपाड कवेत घेऊन आत सारत होता, न थांबता, न बघता. गुळव्यानं पाकाचा थेंब थंड पाण्यात टाकला, बोटांत गोळी वळून पाहिली, मान डोलावली आणि काहील वाफ्यात रिकामी झाली.

माझ्यातला विज्ञानवाला गप्प बसेना. जळव्याला म्हटलं, या चिपाडात किती काय काय आहे, यातून रसायनं निघतात, प्लॅस्टिकसुद्धा होतं, आणि तुम्ही ते सरळ जाळता. त्यानं हातातलं चिपाड आत सारलं आणि विचारलं, "मग काहील कशानं तापवायची, दादा?"

याचं उत्तर मला तिथं देता आलं नाही. जैवरिफायनरीवर परिषदा भरतात, जाड अहवाल निघतात, पण सगळं शेवटी याच प्रश्नापाशी येऊन अडतं.

तेलाच्या रिफायनरीत कच्च्या तेलातून गॅस, पेट्रोल, रॉकेल, डिझेल निघतं आणि तळाचं डांबर रस्त्यावर जातं. टाकायचं असं फारसं काही उरत नाही. हाच हिशोब वनस्पतीला लावला की जैवरिफायनरी झाली. तिच्यामागे 'एकात्मिक' हा शब्द लागतो तेव्हा एका विभागाचा टाकाऊ माल दुसऱ्याचा कच्चा माल होतो, आणि सगळ्यांना लागणारी वाफ-वीजही त्याच उसातून निघते.

कारखान्यात 1 टन ऊस आला की त्यातून ढोबळमानानं 100 ते 120 किलो साखर मिळते. आपल्या कोल्हापूर भागाचा उतारा चांगला, म्हणून आपण वरच्या आकड्याजवळ. साधारण 280 किलो बगॅस म्हणजे ओलं चिपाड, 40-45 किलो मळी म्हणजे मोलॅसिस आणि 30-40 किलो प्रेसमड, म्हणजे रस गाळल्यावर उरणारा गाळ, निघतो. बाकी बहुतेक पाणी. त्या 280 किलो बगॅसमध्येही निम्मं पाणीच असतं. उरलेल्या 140 किलो कोरड्या मालात तीन गोष्टी असतात. सेल्युलोज, म्हणजे ग्लुकोजच्या लांब सरळ साखळ्या, चाळीस टक्क्यांच्या पुढे. हेमिसेल्युलोज, म्हणजे झायलोज नावाच्या वेगळ्या साखरेच्या आखूड, फांद्या फुटलेल्या साखळ्या, पंचवीस टक्क्यांच्या आसपास. आणि या दोघांना सिमेंटसारखं धरून ठेवणारं लिग्निन, वीस टक्क्यांच्या वर. लिग्निनबद्दल या धंद्यात जुना विनोद आहे की त्यापासून काय वाटेल ते करता येतं, फक्त पैसे करता येत नाहीत.

आता जळव्याच्या प्रश्नाकडे. या तिघांत जाळायला सगळ्यात चांगलं लिग्निन आणि सगळ्यात कमी उष्णता देणारं हेमिसेल्युलोज. तोडायला सगळ्यात सोपंही हेमिसेल्युलोजच. मग ते आधी काढून घ्यावं आणि उरलेलं चुलवाणात घालावं. जाळायचंच, पण शेवटी.

ही माझी कल्पना नव्हे. दक्षिण आफ्रिकेत क्वाझुलू-नाताल किनाऱ्यावर सेझेला नावाचा साखर कारखाना हेच करत आला आहे. बॉयलरकडे जाणारा बगॅस वाटेत उंच बंद टाक्यांमध्ये थांबवतात आणि त्यात दाबाखालची वाफ सोडतात. बाहेरून आम्ल घालावं लागत नाही. बगॅस तापला की त्यातूनच ॲसिटिक आम्ल सुटतं, व्हिनेगरमध्ये असतं तेच, आणि तेच पुढचं काम करतं. हेमिसेल्युलोजच्या साखळ्या तुटून झायलोज मोकळं होतं, झायलोजच्या प्रत्येक रेणूतून पाण्याचे तीन रेणू निघून जातात आणि मागे उरतं फरफ्युरल. बदामासारख्या वासाचं हे द्रव वाफेबरोबर वर येतं. टाकीत खाली राहिलेला काळपट भुसा बॉयलरमध्ये जातो. उष्णता थोडी कमी मिळते, पण कारखाना चालतो. तिथं या प्रक्रियेतून डायॲसिटाइल नावाचं आणखी एक रसायन निघतं. लोण्याला वास येतो तो त्याचाच. म्हणजे चिपाडातून लोण्याचा वास!

सरासरी धरली तर 1 टन उसामागे 10 किलोच्या आसपास फरफ्युरल मिळू शकतं. ते घेणार कोण? यासाठी कोल्हापूरकरानं लांब जायला नको. फरफ्युरलला हायड्रोजन जोडला की फरफ्युरिल अल्कोहोल होतं आणि त्यापासून फ्युरान रेझिन. शिरोली, गोकुळ शिरगाव नाहीतर कागलच्या एमआयडीसीत मोठी, वजनदार कास्टिंग ओतणाऱ्या फाउंड्रीत जाऊन बघा. वाळूत रेझिन आणि आम्लाचा हार्डनर मिसळला की थोड्या वेळात वाळूचा साचा दगडासारखा घट्ट होतो, भट्टीत न घालता. या कामाला फ्युरान रेझिन जगभर वापरतात. जगातलं बहुतेक फरफ्युरल चीनमध्ये तयार होतं, तेही दाणे काढून घेतलेल्या मक्याच्या कणसांपासून. आपल्याकडे रस्त्याच्या एका बाजूला साखर कारखाना बगॅस जाळतो आणि दुसऱ्या बाजूला फाउंड्रीवाला बगॅसमधून निघू शकणाऱ्या रसायनाचे पिंप लांबून आणतो. या दोघांची भेट का होत नाही याची कारणं पैशातली आहेत आणि खरी आहेत. तरी नकाशा बघताना हळहळ वाटतेच.

आता प्लॅस्टिक. इथं चिपाड बाजूला ठेवून रसाकडे, मळीकडे वळावं लागतं, कारण जिवाणूंना आयती साखर आवडते.

दूध विरजलं की जे आंबट तयार होतं ते लॅक्टिक आम्ल. 1780 साली स्वीडनच्या शेले यांनी ते नासलेल्या दुधातून वेगळं केलं. या आम्लाचे रेणू एकमेकांना जोडून लांब माळ केली की पॉलिलॅक्टिक आम्ल, म्हणजे पीएलए, हे प्लॅस्टिक होतं. प्रत्यक्षात आधी दोन-दोन रेणूंचं कडं करतात, त्याला लॅक्टाइड म्हणतात. ते शुद्ध करून मग कडी उघडून माळ ओवतात.

मला यात आवडतो तो हिशोब. 100 किलो ग्लुकोजपासून यीस्ट फार तर 51 किलो अल्कोहोल करतं. उरलेले 49 किलो कार्बन डायऑक्साइड होऊन बुडबुड्यांतून उडून जातात. दह्याचे जिवाणू मात्र त्याच 100 किलोंचं, कागदावर तरी, पूर्ण 100 किलो लॅक्टिक आम्ल करतात. एक कणही हवेत जात नाही. माळ ओवताना प्रत्येक सांध्यातून पाण्याचा एक रेणू निघतो, म्हणून शेवटी 80 किलो प्लॅस्टिक हाती लागतं. कारखान्यातली घट धरली तरी दीड किलोच्या आसपास साखरेला 1 किलो पीएलए. इंधनासाठी इथेनॉल करताना आपण निम्मा माल हवेत सोडतो, हे वाक्य कारखान्याच्या गटसभेत कुणी म्हणत नाही.

अमेरिकेत नेब्रास्का राज्यात मक्यापासून आणि थायलंडच्या रायोंगमध्ये उसाच्या साखरेपासून पीएलए मोठ्या प्रमाणावर होतं. आपल्याकडे ऑक्टोबर 2024 मध्ये प्राज कंपनीनं जेजुरीला प्रात्यक्षिकाचा छोटा कारखाना सुरू केला. त्याच वर्षी बलरामपूर चिनी मिल्सनं साखर कारखान्याला जोडून पीएलए करायची घोषणा केली, ठिकाण कुंभी. ऐकून कोल्हापूरकराचे कान टवकारतात, पण ही कुंभी आपल्या कुंभी-कासारी कारखान्यातली नव्हे, उत्तर प्रदेशातली.

यात खाचा आहेत. आंबवताना आम्ल वाढलं की जिवाणूच मरायला लागतात, म्हणून चुना घालत राहावं लागतं. मग चुन्यातून आम्ल सोडवायला सल्फ्युरिक आम्ल, आणि शेवटी 1 टन लॅक्टिक आम्लामागे जवळपास तेवढाच जिप्सम. हा ढीग टाकायचा कुठं हा प्रश्न मोठा. आम्ल सोसणारी यीस्ट तयार करून काही कंपन्यांनी तो सोडवला आहे.

दुसरी खाच आपल्या जिव्हाळ्याची. साधं पीएलए 60 अंशांच्या आसपास मऊ पडतं. पांढऱ्या रश्श्याचं पार्सल त्यात बांधलं तर घरी पोचेपर्यंत डब्याचा आकार आणि रश्श्याचा ठाव दोन्ही बदललेले असतील. स्फटिकी करून उष्णता सोसणारं पीएलए करता येतं, पण खर्च वाढतो. आणि 'विरघळणारं प्लॅस्टिक' या पाटीवर तर अजिबात जाऊ नका. पीएलए कुजतं ते 58-60 अंशांवर चालणाऱ्या औद्योगिक कंपोस्ट खड्ड्यात. पंचगंगेत फेकलेला पीएलएचा ग्लास वर्षानुवर्षं ग्लासच राहील. आधी गोळा करायची सोय, मग असलं प्लॅस्टिक. उलट क्रमानं गेलं तर फक्त पाटी बदलते.

पाण्यात-मातीत खरंच कुजणारं प्लॅस्टिक हवं असेल तर पीएचबी, म्हणजे पॉलिहायड्रॉक्सीब्युटिरेट. 1926 मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत मॉरिस लेम्वान्य यांना जिवाणूंच्या पोटात हे सापडलं. आपण चरबी साठवतो तसे काही जिवाणू उपासमारीच्या दिवसांसाठी प्लॅस्टिकचे कण साठवतात. नीट खाऊ घातलं तर त्यांच्या कोरड्या वजनाचा ऐंशी टक्के भाग पीएचबी होतो! ब्राझीलमध्ये साओ पावलो राज्यातल्या सेराना गावी साखर-इथेनॉल कारखान्याला चिकटून 1995 मध्ये याचा प्रायोगिक कारखाना निघाला. साखर तिथलीच, वाफ बगॅसची. जिवाणूंच्या पोटातून प्लॅस्टिक बाहेर काढायला द्रावक लागतं, तेही डिस्टिलरीत इथेनॉल शुद्ध करताना बाजूला पडणारं फ्यूजेल अल्कोहोल. बाहेरून जवळपास काही आणायचं नाही. मात्र 1 किलो पीएचबीला 3 किलो साखर जाते, आणि हा आकडा महाग पडतो.

हे सगळं उद्या कोल्हापुरात का होत नाही? एक तर हंगाम. गाळप चालतं चार-पाच महिने, आणि आंबवण्याच्या टाक्या वर्षभर चालल्या तरच परवडतात. म्हणून घट्ट पाक किंवा मळी साठवावी लागते. दुसरं, एकाच मालावर भिस्त. डिसेंबर 2023 मध्ये केंद्रानं उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर अचानक बंधन आणलं, तेव्हा त्याच भरवशावर कर्ज काढलेल्या कारखान्यांची झोप उडाली. विकायला चार-पाच माल असतील तर एकाचं दार बंद झालं तरी घर चालतं. तिसरं, चिपाड हलकं आणि फुगीर. ट्रक भरला तरी निम्मी हवाच वाहायची. त्यामुळे फरफ्युरलच्या टाक्या गाळपाच्या शेजारीच हव्यात. एकट्या गुऱ्हाळाला हे झेपणार नाही. त्याला सुधारित चुलवाण बांधून चिपाड वाचवता येईल, तेवढंच.

नदीचा विषय टाळून चालणार नाही. 1 लिटर अल्कोहोलमागे 8 ते 15 लिटर स्पेंटवॉश, म्हणजे डिस्टिलरीचं सांडपाणी, उरतो, काळपट तपकिरी आणि ऑक्सिजन खाणारा. तो पाण्यात गेला की मासे वर येतात. पण त्यात काय असतं? उसानं जमिनीतून ओढलेलं पोटॅश रसाबरोबर निघतं, साखरेत येत नाही, मळीत उतरतं आणि अल्कोहोल काढल्यावर स्पेंटवॉशमध्ये उरतं. तो आटवून जाळला की राखेत पोटॅश मिळतं. 2024 च्या जानेवारीत या पोटॅशला टनाला 4,263 रुपये भाव ठरला. पोटॅश आपण परदेशातून आणतो, म्हणजे नदीचं विष हे खरं तर रानाचं हरवलेलं खत.

गुऱ्हाळात हे पोटॅश रसाबरोबर गुळातच राहतं. चिपाडाच्या राखेत ते थोडंच, जास्त भाग सिलिका, म्हणजे वाळूची बहीण. निघताना मी जळव्याकडे पिशवीभर राख मागितली. "शेताला घालणार?" त्यानं विचारलं. घरी आल्यावर त्या राखेनं आजीचा तांब्याचा बंब घासला. लख्ख निघाला.