करवत न लावता बूट कसा वाचायचा

बुटाचा दर्जा तपासण्याचा एक बिनचूक मार्ग आहे. करवत घ्यायची आणि टाचेपासून चवड्यापर्यंत बूट मधोमध उभा कापायचा. मग सगळं समोर येतं. टाच चामड्याच्या थरांची आहे की दाबलेल्या पुठ्ठ्याची, आतला तळ किती जाड आहे, कमानीखाली पट्टी आहे की नुसतीच पोकळी, शिवण कुठून निघून कुठं गेली आहे, काही लपत नाही. अडचण एवढीच की या परीक्षेत पहिला आलेला बूटसुद्धा नंतर घालता येत नाही.

म्हणून हातानं घडवलेला महागडा बूट घेताना आपली सगळी भिस्त दिसतं त्यावर असते. चकाकी, वास, टाक्यांची रांग, जड पेटी. आणि नेमक्या याच गोष्टी नकली करणं सर्वांत सोपं. जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञानं १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावरून हा पेच मांडला होता. माल कसा आहे हे विकणाऱ्याला ठाऊक आणि घेणाऱ्याला नाही, अशा बाजारात चांगल्या मालाला त्याच्या लायकीची किंमत मिळत नाही आणि तो हळूहळू बाजारातून बाहेर पडतो. २००१ चं नोबेल त्यांना वाटून मिळालं, त्यामागं हेच काम होतं. बुटाचं दुखणं थोडं जास्तच बिकट, कारण मोटारीचं बॉनेट निदान उघडून तरी बघता येतं.

तरीही आतली गोष्ट काही ठिकाणी बाहेर डोकावतेच. कुठं, ते कळायला आधी चामडं म्हणजे काय हे बघावं लागतं.

कातडीचा मुख्य घटक कोलॅजेन. या प्रथिनाच्या तीन साखळ्या एकमेकींभोवती दोरखंडासारख्या पिळलेल्या असतात, त्या पिळांचे तंतू होतात आणि तंतूंची जुडगी. ही जुडगी कापडासारखी उभ्या-आडव्या धाग्यांत विणलेली नसतात, तर सगळ्या दिशांनी एकमेकांत गुंतलेली असतात. म्हणून चामड्याला चीर पडली तरी ती कापडासारखी सरळ फाटत जात नाही. पण जाडीभर ही गुंतवण सारखी नसते. केसांच्या बाजूचे तंतू बारीक आणि दाट असतात, खालचे जाड आणि तिरके. ताकद मुख्यतः खालच्या थराची, तर घासण्याला आणि पाण्याला तोंड देणं हे वरच्याचं काम. हा वरचा थर जसाच्या तसा ठेवला की ‘फुल ग्रेन’. तो घासून, वर रंगाचा जाड लेप चढवून छिद्रांचा ठसा उमटवला की ‘करेक्टेड ग्रेन’. आणि कातडं जाडीत चिरल्यावर खालचा जो भाग उरतो, तो ‘स्प्लिट’.

‘फुल ग्रेन’ एवढं वाचून मात्र खूश होऊ नये. तो शब्द वरचा थर शाबूत आहे इतकंच सांगतो, कातडं जनावराच्या कोणत्या भागाचं आहे ते सांगत नाही. पाठीकडचं आणि जनावराच्या मागच्या पुठ्ठ्यावरचं कातडं घट्ट, पोटाकडचं आणि काखेजवळचं सैल आणि ताणखाऊ. एकाच कातड्यातून उत्तम बूट निघतो आणि सुमारही. कारखान्यात चामडं कापणारा माणूस म्हणूनच महत्त्वाचा. घट्ट भाग कुठं संपतो, ताण कोणत्या दिशेला कमी आहे, जुना व्रण कुठं आहे हे बघून तो तुकडे मांडतो. चवड्यावरचा तुकडा लांबीच्या दिशेनं कमी ताणला जाईल असा कापावा लागतो, नाहीतर सहा महिन्यांत बूट सैल होतो. कंजूष मालक कातड्याचा इंचन्‌इंच वापरायला लावतो, आणि ती काटकसर तुमच्या पायात येते.

ही काटकसर पकडायला दुकानात एक साधी गोष्ट करता येते. चवड्यावरचं चामडं, जिथं पाऊल टाकताना घडी पडणार आहे तिथं, अंगठ्यानं हलकेच आत दाबायचं. बारीक, केसासारख्या सुरकुत्या उमटून बोट काढताच विरल्या, तर वरचा दाट थर खालच्या थराला घट्ट धरून आहे. जाड, फुगीर वळकट्या उठल्या तर दोन थरांमधली पकड ढिली आहे. उशीवर सैल अभ्रा चढवला की तो कसा गोळा होतो, तसंच हे. चामडं कमावणारे या सुरकुत्या पहिल्यांदा बघतात, रंग नंतर. मग दोन्ही बूट शेजारी ठेवून हीच परीक्षा दोन्हींवर करायची. डावा बारीक सुरकुततोय आणि उजवा वळकट्या काढतोय, तर जोडीचे तुकडे कातड्याच्या वेगवेगळ्या भागांतून आले आहेत.

छिद्रांकडेही बघावं. खऱ्या कातडीवर केसांची छिद्रं थोडी इकडंतिकडं असतात, कुठं दाट, कुठं विरळ. तेच नक्षीकाम बोटाबोटाच्या अंतरावर पुन्हा पुन्हा येत असेल तर तो साच्याचा ठसा. काट्याचा एखादा ओरखडा किंवा शिरेची पुसट रेघ दिसली तर मी तरी ती जमेची बाजू धरतो. घासून लेप दिलेल्या चामड्यावर असं काही उरत नाही.

वासाबद्दल एकच सांगतो : नाकावर विश्वास ठेवू नका. आपण ज्याला चामड्याचा वास म्हणतो तो बव्हंशी कमावताना वापरलेल्या सालींचा, तेलांचा आणि चरबीचा असतो, आणि वास फवारूनही आणता येतो.

कमावणं म्हणजे कुजणारी कातडी न कुजणारी करणं. झाडाच्या सालीतली टॅनिनं, म्हणजे तुरट द्रव्यं, कोलॅजेनच्या साखळ्यांमध्ये शिरून त्यांना धरून ठेवतात. या कामाला आठवडे लागतात, जाड तळाच्या चामड्याला महिनेसुद्धा. दुसरी पद्धत क्रोमियमच्या क्षारांची, ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला रुळली. तिचं काम दिवसा-दोन दिवसांत होतं. क्रोमियम कोलॅजेनमधल्या आम्लगटांना पक्कं बांधतं. फरक किती पडतो ते तापमानावरून कळतं. ओली कच्ची कातडी साधारण ६० ते ६५ अंश सेल्सिअसला आकसून गोळा होते. सालीनं कमावलेलं चामडं ७० ते ८५ च्या आसपास आकसतं. क्रोमचं चांगलं कमावलेलं चामडं उकळत्या पाण्यातही टिकतं.

म्हणून क्रोम सरस असं नाही. क्रोमचं चामडं मऊ आणि लवचिक, दाबलं तरी परत पूर्वीच्या आकारात येतं. वरच्या भागाला ते शोभतं. पण पायाखालच्या तळाला नेमका उलटा गुण हवा. त्यानं घाम शोषावा, दाबून बसावं आणि तुमच्या पावलाचा ठसा कायम धरावा. तिथं सालीचं चामडंच लागतं. चांगला बूट पहिले काही आठवडे पायाला लागतो, त्याचं एक कारण हा तळ. पहिल्या दिवसापासून गादीसारखा वाटणारा बूट बहुधा फोमवर उभा असतो, आणि फोम दबला की दबला.

सालीनं कमावलेलं चामडं किती टिकतं याचा एक दाखला समुद्रानं जपून ठेवला. १७८६ च्या डिसेंबरमध्ये ‘मेटा कॅथरिना’ नावाचं जहाज सेंट पीटर्सबर्गहून जिनोआला रेनडिअरची कमावलेली कातडी घेऊन चाललं होतं. इंग्लंडच्या प्लिमथजवळ वादळात ते बुडालं. १९७३ मध्ये पाणबुड्यांना ते सापडलं. कातड्यांचे गठ्ठे चिखलात रुतून होते, तिथं ऑक्सिजन जवळजवळ पोचलाच नव्हता. धुऊन, वाळवून, तेल देऊन त्यांतल्या कित्येक कातड्यांचे जोडे शिवले गेले, आणि ते लोकांनी वापरले.

आता घडण. चामडं कितीही चांगलं असलं तरी ते सपाट असतं आणि पाऊल सपाट नसतं. ओलसर केलेलं चामडं लाकडी कालबुतावर, म्हणजे पावलाच्या आकाराच्या ठोकळ्यावर, ताणून बसवायचं, पकडीनं ओढत ओढत खिळ्यांनी तात्पुरतं ठोकायचं, हा सगळ्या कामाचा गाभा. बूट बनवण्याची बाकीची बरीच कामं यंत्रांनी केव्हाच बळकावली होती, तेव्हाही हे एक काम हातातच राहिलं. कारण किती ओढायचं ते बोटांना कळतं, आणि प्रत्येक कातडं वेगळं ओढावं लागतं. सुरीनाममध्ये जन्मलेल्या आणि अमेरिकेतल्या लिन शहरात बुटांच्या कारखान्यात राबणाऱ्या यान मॅट्झेलिगर यांनी वर्षानुवर्षं रात्री जागून हे ताणण्याचं काम करणारं यंत्र बनवलं आणि मार्च १८८३ मध्ये त्याचं पेटंट मिळवलं. कसलेला कारागीर दिवसाला सुमारे ५० जोड ताणायचा. यंत्रानं तो आकडा दीडशेच्या वर आणि पुढं कितीतरी पट नेला. बूट स्वस्त झाले. मॅट्झेलिगर मात्र १८८९ मध्ये क्षयानं गेले, वय अवघं ३६.

हाताच्या कामाचा खरा फायदा ओढण्यात जितका आहे तितकाच थांबण्यात. चामडं ताणलं की सुरुवातीला त्याला परत आखडायचं असतं. ते ताणून धरून ठेवलं आणि वाळू दिलं, की तंतू हळूहळू सरकून नव्या जागी स्थिरावतात आणि आतला ताण ओसरतो. भौतिकशास्त्रात याला ताण-शिथिलन म्हणतात. हे घाईनं होत नाही. कसबी कारागीर बूट कालबुतावर कित्येक दिवस, कधी आठवडे ठेवतो. मोठ्या कारखान्यात ते परवडत नाही, तिथं उष्णतेनं काम लवकर उरकतात. ‘हा बूट कालबुतावर किती दिवस होता?’ हा प्रश्न विकणाऱ्याला जरूर विचारावा. उत्तराआधी त्याचा चेहरा बघावा.

मग तळाची जोडणी, आणि ‘हातानं बनवलेला’ या शब्दाची खरी कसोटी इथंच लागते. अप्परच्या, म्हणजे बुटाच्या वरच्या भागाच्या, कडेनं फिरणारी चामड्याची पट्टी म्हणजे वेल्ट. वेल्ट आधी आतल्या तळाला शिवतात, मग बाहेरचा सोल वेल्टला. सोल झिजला की फक्त दुसरी शिवण उसवायची, वरच्या बुटाला धक्का लागत नाही. हाताच्या कामात कारागीर जाड आतल्या तळातच धारदार सुरीनं एक उभार कोरतो आणि आरीनं भोकं पाडून मेण लावलेल्या दोऱ्यानं वेल्ट त्या उभाराला शिवतो. दोऱ्याची दोन टोकं एकाच भोकातून आरपार जातात, म्हणून एखादा टाका तुटला तरी शेजारचे उसवत नाहीत. यंत्राच्या कामात, ज्याला गुडइयर वेल्ट म्हणतात, हा उभार बहुधा कोरलेला नसतो. कापडी पट्टीचा तो उभार तळाला गोंदानं चिकटवलेला असतो, म्हणजे सगळी शिवण शेवटी गोंदाच्या भरवशावर. ते वाईटच असं म्हणणार नाही. नीट केलेला असा बूट अनेकदा सोल बदलून वर्षानुवर्षं चालतो. पण किंमत हाताच्या कामाची आणि आत चिकटवलेली पट्टी, हा सौदा पटणारा नाही. (जाता जाता : हे गुडइयर टायरवाले नव्हेत. रबर पक्कं करणाऱ्या चार्ल्स गुडइयर यांचा त्याच नावाचा मुलगा. टायर कंपनीनं बापाचं नुसतं नाव घेतलं.)

तिसरी पद्धत लायमन ब्लेक यांच्या यंत्राची, पेटंट १८५८ चं. तिच्यात शिवण आतल्या तळातून थेट बाहेरच्या सोलात उतरते. बूट हलका आणि लवचिक होतो, पण ओल्या रस्त्यावर दोरा पाणी आत ओढतो. ही ओळखायला सोपी : आतलं पातळ अस्तर उचलून तळावर बोट फिरवायचं, कडेला टाके लागले की ब्लेक. आणि वेल्टवर सुंदर टाके दिसले म्हणून हुरळून जायचं नाही. पुष्कळ बुटांवर ती रबराची साच्यातली पट्टी असते, टाके नुसते शोभेचे आणि सोल खालून चिकटवलेला. बूट उलटा करून वरच्या टाक्यांची जोड खाली, निदान सोलाच्या खाचेत तरी दिसते का ते बघावं.

टाके जितके बारीक तितका बूट भारी, असंही एक मत ऐकू येतं. ते अर्धंच खरं. प्रत्येक टाका म्हणजे एक भोक. भोकं फार जवळ आली की चामडं पोस्टाच्या तिकिटाच्या कडेसारखं सहज फाटतं. नाजूक बुटावर बारीक शिवण शोभते, पण जाड चामड्याच्या, रानावनात चालायच्या बुटाला जाड दोरा आणि दूरदूरचे टाकेच मानवतात. घनतेपेक्षा टाक्यांच्या समानतेकडं आणि वळणावर त्यांचं काय होतं त्याकडं बघावं. कारागिराचा हात वळणावर कळतो.

टेबलावर ठेवलेला बूट डुगडुगता कामा नये. टाचेचा मागचा भाग दाबला तर त्यानं किंचित दबून परत उसळी घ्यावी. टाप्‌ असा आवाज होऊन खळगा पडला तर आत पुठ्ठा आहे. मग बूट दोन्ही हातांत धरून वाकवायचा. तो चवड्यापाशी वाकायला हवा, कमानीपाशी नाही. तिथं आत पोलादाची, लाकडाची किंवा चामड्याची पट्टी असायला हवी. दिवसाला सहा हजार पावलं म्हटली तर प्रत्येक बूट वर्षात सुमारे ११ लाख वेळा वाकतो, आणि चुकीच्या जागी वाकणारा बूट तेवढ्याच वेळा तुमच्या पावलाशी भांडतो. त्यामुळं मापातही अंगठ्यापुढं किती जागा राहिली यापेक्षा टाचेपासून चवड्याच्या सांध्यापर्यंतचं अंतर जुळणं मोलाचं. दोन माणसांची पावलं एका लांबीची असली तरी हे अंतर वेगळं असू शकतं. माप संध्याकाळी द्यावं, तोवर पाय थोडे सुजलेले असतात.

एक गोष्ट विकत घेतल्यानंतरची, पण सांगायलाच हवी. वर दिलेली आकसण्याची तापमानं ओल्या चामड्याची आहेत. भिजलेले बूट शेकोटीजवळ किंवा हीटरसमोर ठेवले की सालीच्या चामड्याचा तळ कडक होतो, आखडतो, चिरतो, आणि ते चामडं पुन्हा पूर्ववत होत नाही. आत कागद कोंबून सावलीत, वाऱ्यावर, दोन दिवस वाळू द्यावेत. पॉलीयुरेथेन या प्लास्टिकच्या सोलाची तऱ्हा आणखी वेगळी. हवेतल्या दमटपणानं त्याच्या रेणूंच्या साखळ्या तुटत जातात, म्हणून जपून कपाटात ठेवलेला बूट काही वर्षांनी काढावा तर पहिल्याच फेरीत सोलाचा भुगा होतो.

आणि करवतीच्या सर्वांत जवळ जाणारी एक परीक्षा राहिली. ज्याच्याकडून बूट घ्यायचा त्याला नवा नको, जुना जोड दाखवायला सांगायचं, तीन-चार वर्षं वापरलेला आणि सोल बदलायला आलेला. कारागीर खरा असेल तर त्याच्याकडं असा एखादा जोड पडलेला असतोच. तो सोल उसवतो, दोन तळांच्या मधे भरलेला बुचाचा चुरा खरवडून काढतो, आणि कोरलेला उभार आहे की कापडाची पट्टी, टाके अजून तणावात आहेत की गोंद सुटलाय, हे तुम्ही तिथं उभ्या उभ्या बघू शकता.