बाय मिळालेलं अस्वल

अलास्कातल्या कॅटमाय राष्ट्रीय उद्यानात ब्रुक्स नदीवरची तपकिरी अस्वलं उन्हाळाभर सॅमन मासे खाऊन फुगत जातात. हिवाळ्यातली लांब झोप निभवायची तर अंगावर चरबी हवीच. या फुगण्यावरूनच ‘फॅट बेअर वीक’ निघाला. २०१४ साली एका दिवसापुरता सुरू झालेला हा खेळ पुढच्या वर्षी आठवडाभराचा झाला. बहुतेक वर्षी बाराएक अस्वलं, बाद फेरीचा तक्ता आणि रोज एखाददोन लढती. लढती आपल्या म्हणण्यापुरत्या. लोक घरबसल्या फोटो पाहून मत देतात, जास्त मतांचं अस्वल पुढे जातं, आणि नदीत उभ्या असलेल्या अस्वलाला यातलं काही कळत नाही.

२०२२ च्या उपांत्य फेरीत ‘होली’ या मादीच्या पारड्यात सुमारे ९,००० बोगस मतं पडल्याचं उघड झालं. ती काढून टाकल्यावर ‘७४७’ हा नर पुढे गेला आणि विजेताही ठरला. बोगस मतं शोधता येतात, वगळता येतात. पण सगळी मतं खरी असतानाही निकालावर शंका घ्यावी अशी सोय बाद फेरीच्या तक्त्यातच आहे.

जाड अस्वल निवडायचं म्हटलं तरी लोक फक्त जाडी बघत नाहीत. २०२४ मध्ये ‘चंक’ या नराने ‘ग्रेझर’ या मादीच्या पिलाला मारलं. अंतिम फेरीत नेमके हे दोघेच समोरासमोर आले आणि लोकांनी ग्रेझरला भरघोस मतांनी जिंकवलं. तिथे किलोंचा हिशेब कोण करतो!

आता समजा, तीनच अस्वलं उरली आहेत: अवाढव्य ७४७, पिलांसाठी कुणालाही भिडणारी ग्रेझर आणि दात झिजलेला म्हातारा ओटिस. मतदारांचे सारख्या आकाराचे तीन गट कल्पू. वजनाला भुलणाऱ्यांचा पसंतीक्रम ७४७, ग्रेझर, ओटिस. आईच्या बाजूच्यांचा ग्रेझर, ओटिस, ७४७. म्हाताऱ्यावर जीव असलेल्यांचा ओटिस, ७४७, ग्रेझर.

७४७ आणि ग्रेझर यांच्यात दोन गट ७४७ ला मत देतील. ग्रेझर आणि ओटिस यांच्यात दोन गट ग्रेझरला. म्हणजे ७४७ ने ओटिसला सहज हरवायला हवं. पण मोजून पाहा, तिथे दोन गट ओटिसच्या बाजूने आहेत! प्रत्येक मतदाराची पसंती सरळ आहे, गोल फिरते ती बहुमताची. फ्रान्सच्या कोंदोर्से या गणितज्ञाने हा पेच १७८५ मध्ये मांडला, म्हणून तो त्याच्या नावाने ओळखला जातो.

तीन अस्वलांच्या तक्त्यात एकाला बाय मिळणार, म्हणजे ते न खेळताच अंतिम फेरीत. ओटिसला बाय दिली तर ७४७ ग्रेझरला हरवतो आणि ओटिस ७४७ ला. ७४७ ला दिली तर ग्रेझर ओटिसला हरवते आणि ७४७ ग्रेझरला. ग्रेझरला दिली तर ग्रेझरच जिंकते. तेच मतदार, तीच मतं, आणि विजेता कोण हे तक्ता आखणाऱ्याने आधीच ठरवून टाकलेलं. त्याला लबाडी करावीच लागते असंही नाही. चिठ्ठ्या टाकून बाय दिली तरी खरी निवडणूक त्या चिठ्ठीतच होऊन जाते.

याहून विचित्र प्रकार पुढे आहे. ग्रेझरसारखंच, पण तिन्ही गटांना तिच्यापेक्षा किंचित कमी आवडणारं चौथं अस्वल आणा आणि प्रत्येकाच्या यादीत ग्रेझरच्या लगेच खाली ठेवा. लढती एकामागून एक लावा: आधी ७४७ विरुद्ध ग्रेझर, त्यातल्या विजेत्यापुढे ओटिस, शेवटी चौथं अस्वल. ७४७ जिंकतो, ओटिस त्याला पाडतो, आणि चौथं अस्वल ओटिसला. विजेता असा, की त्याच्याऐवजी ग्रेझर हवी होती यावर एकूण एक मतदाराचं एकमत आहे. सभेत एका ठरावावर दुसरी सूचना, तिच्यावर तिसरी अशी मतं घेतात तेव्हा हीच शिडी उभी राहते. म्हणून कोणती सूचना शेवटी येणार यावर मुरलेले लोक इतके भांडतात.

बाद फेरीला सरसकट नावं ठेवणंही बरं नाही. इतर प्रत्येकाला समोरासमोर हरवू शकेल असं एखादं अस्वल असेल, तर तक्ता कसाही आखा, जिंकणार तेच. ‘सर्वाधिक मतं तो विजयी’ या आपल्या ओळखीच्या पद्धतीत एवढीही हमी नसते. अट एकच, प्रत्येक लढतीला तेच मतदार हवेत. ऑनलाइन मतदानात ही अट पहिल्याच दिवशी मोडते. आज होलीचे चाहते लोटतात, उद्या ते कामाला जातात.

शिवाय दुसऱ्या नंबरचं काय? ऑक्सफर्डमध्ये गणित शिकवणाऱ्या चार्ल्स डॉजसनला (लुइस कॅरल या टोपणनावाने ‘ॲलिस’ लिहिणारा तोच) टेनिस स्पर्धांचा हा अन्याय खटकला आणि १८८३ मध्ये त्याने त्यावर एक पुस्तिका काढली. ३२ खेळाडू असतील आणि चांगला खेळाडू नेहमीच जिंकतो असं धरलं, तरी दुसरं बक्षीस खऱ्या दुसऱ्या खेळाडूला मिळण्याची शक्यता ३१ पैकी १६. उरलेल्या १५ वेळा तो अव्वल खेळाडूच्याच अर्ध्या भागात सापडतो आणि अंतिम फेरीआधीच घरी जातो. नाणं उडवून जवळपास हेच साधलं असतं.

उपाय तसा जुनाच आहे, प्रत्येकाची प्रत्येकाशी लढत. बारा अस्वलांच्या बाद फेरीत ११ लढती होतात, साखळीत ६६. पण ६६ वेळा मत द्यायला कुणाला बोलवायची गरज नाही. प्रत्येकाकडून पसंतीक्रमाची एकच यादी घ्या, सगळ्या जोड्यांचा निकाल तिच्यातूनच निघतो. बहुमत गोल फिरत असेल तर तेही तिथे उघड दिसतं, आणि मग ती गाठ कशी सोडवायची याचा नियम मतदानाआधीच जाहीर करावा लागतो. अस्वलांसाठी मी हा खटाटोप सुचवणार नाही, रोजच्या चुरशीची मजाच जाईल. पुरस्कार समितीत बसलेल्यांनी मात्र पसंतीक्रमाच्या याद्या जरूर मागाव्यात.