हात हलण्याआधी मेंदूत काय चालतं?

संक्रांतीला नागपुरात महाल-इतवारीच्या गच्च्यांवर पेच लागला की सगळ्यांच्या नजरा पतंगांवर असतात. कधीतरी पतंग उडवणाऱ्याच्या पोटऱ्यांकडे पाहा. मांजाला हिसका द्यायला हात उचलायच्या आत त्या ताठ झालेल्या असतात. हाताच्या झटक्याने तोल जाईल, हे ओळखून मेंदू पायांना आधीच कामाला लावतो.

खुद्द मेंदूची तयारी त्याहून आधी सुरू होते. १९६४ मध्ये जर्मनीतल्या फ्रायबुर्गला कॉर्नहूबर आणि डेके या संशोधकांनी लोकांना मनात येईल तेव्हा बोट हलवायला सांगितलं आणि डोक्यावरच्या इलेक्ट्रोडांनी ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख, टिपला. मग नोंदीची टेप उलटी फिरवून, बोट हललं तिथून मागे मागे जात, अनेक वेळांची सरासरी काढली. हालचालीच्या सेकंद-दीड सेकंद आधीपासून टाळूच्या भागात ऋण विद्युतदाब हळूहळू वाढत जाताना दिसला. हाच ‘सज्जता विभव’.

हा बदल असतो जेमतेम दहा-पंधरा मायक्रोव्होल्टचा, म्हणजे व्होल्टच्या लाखाव्या भागाएवढा. नुसती पापणी लवली तरी त्याच्या कितीतरी पट मोठी लाट उठते. मान वळली, दात आवळले की नोंद गढूळ झालीच. म्हणून अनेक वर्षं हे संशोधन खुर्चीत बसून बोट हलवण्यापुरतंच राहिलं. पण माणूस खुर्चीत बसून जगत नाही. त्यामुळे मला २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग फार मोलाचा वाटतो. ट्युबिंगेनच्या संशोधकांनी बिनतारी ईईजी यंत्र लावून दोघांना ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकजवळच्या पुलावरून बंजी उडी मारायला लावली. खाली १९२ मीटर खोल दरी! तुलनेसाठी एक मीटर उंचीवरूनही उड्या घेतल्या. दोन्हीकडे उडीआधी तीच संथ लाट उमटली आणि तिच्यात ठळक फरक आढळला नाही. माणसं दोनच, त्यामुळे भीतीचा या लाटेवर परिणाम होत नाही, असं यावरून म्हणता येणार नाही. एवढ्या धामधुमीतही ती मोजता येते, हे मात्र सिद्ध झालं.

हालचालीचा इरादा असा प्रयोगशाळेबाहेर ओळखता आला, तर हात लुळा पडलेल्या माणसाला त्याचा थेट उपयोग आहे. २०१६ मध्ये मानेच्या दुखापतीने हातपाय गमावल्यासारखे झालेल्या सहा जणांना संशोधकांनी हातावर चढवायचा यांत्रिक सांगाडा दिला. त्यात सज्जता विभव नव्हे, तर हात हलवल्याची कल्पना केल्यावर मेंदूच्या लहरींत होणारा बदल टिपला जाई. त्या बदलावर मूठ मिटायची, डोळे बाजूला फिरवले की उघडायची. ती माणसं प्रयोगशाळेबाहेर आपल्या हाताने खाऊ-पिऊ शकली.