लिमामधलं कांस्य आणि त्यामागची ५१ वर्षं

ऑक्टोबर २०२५ मध्ये पेरूची राजधानी लिमा इथे जागतिक ज्युनियर ज्युदो अजिंक्यपद स्पर्धा झाली. महिलांच्या ६३ किलो गटात मणिपूरच्या लिंथोई चनंबमने नेदरलँड्सच्या योनी गेलेनला हरवून कांस्यपदक घेतलं. ज्युनियर जागतिक स्पर्धेतलं हे भारताचं पहिलं पदक. आपल्याकडे बातमी एक दिवस झळकली आणि क्रिकेटच्या बातम्यांत विरून गेली. या पदकाचं वजन कळायला ही स्पर्धा कुठून आली हे पाहावं लागतं.

ज्युदोची सुरुवातच मुळी पोरसवदा माणसांची. १८८२ मध्ये टोकियोतल्या एइशोजी मंदिरात जिगोरो कानो यांनी बारा चटयांच्या जागेत कोदोकान ही शाळा काढली, तेव्हा ते २१ वर्षांचे होते. आजच्या नियमाने ज्युनियर, म्हणजे २१ वर्षांखालच्या, गटातून नुकतेच बाहेर पडलेले! त्यांचे पहिले शिष्य शिरो साइगो आणि त्सुनेजिरो तोमिता तर सोळा-सतरा वर्षांचे. जुजुत्सू या जुन्या जपानी युद्धकलेतले जीवघेणे डाव कानोंनी बाजूला काढले आणि उरलेले डाव पूर्ण ताकदीने, तरीही एकमेकांना इजा न करता खेळता येतील असे बसवले. ते पेशाने शिक्षक होते. त्यामुळे शाळकरी मुलांना काय शिकवावं हा विचार या खेळाच्या पायातच आहे. स्पर्धा हे त्यांच्या लेखी साधन होतं, आणि पदकांविषयी त्यांना फारसं आकर्षण नव्हतं. याच कानोंना १९०९ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचं सदस्यत्व मिळालं. हा मान मिळवणारे ते पहिले आशियाई.

आंतरराष्ट्रीय ज्युदो महासंघ १९५१ मध्ये स्थापन झाला आणि पहिली जागतिक स्पर्धा १९५६ मध्ये टोकियोत भरली. तेव्हा वजनगट नव्हते. लहान चणीचा खेळाडू धिप्पाड खेळाडूला तंत्राच्या जोरावर पाडू शकतो, हा जपानी आग्रह त्यामागे होता. १९६१ मध्ये पॅरिसला अँटन गेसिंक या उंचापुऱ्या डच खेळाडूने जगज्जेतेपद पटकावलं आणि त्या आग्रहाला पहिला तडा गेला. १९६४ मध्ये ज्युदो ऑलिंपिकमध्ये आला तो टोकियोतच. तिथे खुल्या गटाच्या अंतिम लढतीत गेसिंकने अकिओ कामिनागाला घरच्या प्रेक्षकांसमोर जमिनीवर दाबून धरलं. सोव्हिएत संघाने पहिल्याच प्रयत्नात चार कांस्यपदकं नेली. त्या चौघांत दोघे जॉर्जियन होते. जॉर्जियात चिदाओबा नावाची पट्ट्याला धरून खेळायची पारंपरिक कुस्ती आहे, आणि तिथली पोरं ज्युदोची मॅट पाहण्याआधीपासूनच पाडापाडीत तरबेज असतात. जॉर्जियाचा हा धागा पुढे भारतापर्यंत येतो.

ज्युदो आता एकट्या जपानचा उरला नव्हता. अशा काळात, १९७४ मध्ये, रिओ दि जानेरोला पहिली जागतिक ज्युनियर स्पर्धा झाली. स्पर्धा दक्षिण अमेरिकेत भरली याचं आश्चर्य वाटायला नको. ब्राझीलमध्ये स्थलांतरित जपानी कुटुंबांची मोठी वस्ती आहे आणि ज्युदो तिथे केव्हाच रुजला होता. दुसरी स्पर्धा १९७६ मध्ये माद्रिदला झाली आणि मग थेट सात वर्षांचा खंड पडला. महासंघाचा तो काळही धड नव्हता. १९७७ ची वरिष्ठांची जागतिक स्पर्धा बार्सिलोनात व्हायची होती, पण तैवानच्या सहभागावरून वाद पेटला आणि ती रद्दच झाली. ज्युनियर स्पर्धा पुन्हा सुरू झाली ती १९८३ मध्ये पोर्तो रिकोतल्या मायाग्वेजला.

या पहिल्या स्पर्धा फक्त मुलांच्या होत्या. मुलींना १९९० च्या दिजाँ स्पर्धेपर्यंत थांबावं लागलं. रस्टी कानोकोगी या अमेरिकन बाईने १९५९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या एका स्पर्धेत पुरुष म्हणून उतरून लढत जिंकली होती. विचारल्यावर तिने आपण बाई असल्याचं कबूल केलं आणि तिला पदक परत करावं लागलं. त्याच बाईच्या खटपटीने १९८० मध्ये न्यूयॉर्कला महिलांची पहिली जागतिक ज्युदो स्पर्धा भरली. ऑलिंपिकमध्ये महिलांना १९८८ मध्ये प्रात्यक्षिकापुरती जागा मिळाली आणि खरी पदकं १९९२ मध्ये. ज्युनियर मुलींचा प्रवेश या दोन टप्प्यांच्या मधला आहे.

सुरुवातीला दोन, क्वचित तीन-चार वर्षांनी होणारी ही स्पर्धा २००८ पासून बहुतेक दरवर्षी होऊ लागली. २००९ मध्ये बुडापेस्टला त्याहून लहान वयाच्या मुलामुलींसाठी कॅडेट जागतिक स्पर्धाही सुरू झाली. वयाच्या मर्यादाही सरकल्या आहेत. आधी ज्युनियर म्हणजे वीस वर्षांखालचे आणि कॅडेट म्हणजे सतरा वर्षांखालचे. २०१३ पासून दोन्ही मर्यादा एकेका वर्षाने वाढल्या. त्याच वर्षी लढतीत हाताने थेट पाय धरायला पूर्ण बंदी आली. कुस्तीतून ज्युदोकडे येणाऱ्या मुलांचा हक्काचा डावच त्यामुळे गेला. आपल्या आखाड्यांत ‘पट काढणं’ हे पहिल्या काही धड्यांपैकी एक असतं. मॅटवर तेच केलं तर शिक्षा! निकाल लावणारा इप्पॉन मात्र कुस्तीप्रेमी मराठी वाचकाला समजावून सांगावा लागत नाही. समोरच्याला जोरात, वेगाने आणि ताब्यात ठेवून पाठीवर आपटलं की लढत तिथेच संपते. चितपट!

ज्युनियर स्पर्धेचं खरं मोल तिच्यातून पुढे गेलेल्यांच्या नावांवरून कळतं. कोसेई इनोउए १९९६ मध्ये पोर्तुगालमधल्या पोर्तोत ज्युनियर जगज्जेता झाला आणि चार वर्षांनी सिडनीत ऑलिंपिक विजेता. टेडी रिनेर २००६ मध्ये सांतो दोमिंगोत ज्युनियर विजेता ठरला आणि पुढच्याच वर्षी, अठराव्या वर्षी, वरिष्ठांचा जगज्जेता. नाओहिसा ताकातोची वाट जास्त बोलकी आहे. २००९ च्या पहिल्या कॅडेट स्पर्धेत सुवर्ण, २०११ मध्ये केप टाउनला ज्युनियर सुवर्ण आणि मग टोकियो ऑलिंपिकचं सुवर्ण. एकेक पायरी न चुकवता.

असे ताकातो थोडे. पंधरा-सोळाव्या वर्षी लवकर वाढ झालेली मुलं नुसत्या शरीराच्या जोरावर जिंकतात. एकोणिसाव्या-विसाव्या वर्षी बाकीचे त्यांना गाठतात आणि मग पकड, पायांची हालचाल, जमिनीवरचा खेळ हेच कामी येतं. म्हणूनच माझ्या मते कॅडेट सुवर्णापेक्षा ज्युनियर कांस्य कधीकधी जड भरतं. जपानला हा धोका उमगला. २०२२ मध्ये तिथल्या राष्ट्रीय महासंघाने पाचवी-सहावीच्या मुलांची देशपातळीवरची वैयक्तिक स्पर्धा बंद करून टाकली. मुलांना वजन घटवायला लावणं, पालकांनी पंचांवर ओरडणं, काहीही करून जिंकण्याचा हट्ट, अशी कारणं पुढे आली. कानोंना हा निर्णय पटला असता असं वाटतं.

भारतात ज्युदो आला तो शांतिनिकेतनमधून. १९०५ मध्ये जिन्नोसुके सानो आणि १९२९ मध्ये शिन्झो ताकागाकी हे जपानी गुरू रवींद्रनाथ टागोरांनी तिथे आणले. पण त्यातून स्पर्धेची परंपरा काही उभी राहिली नाही. १९८६ च्या सोल आशियाई क्रीडा स्पर्धेत ज्युदो प्रथमच आला आणि भारताने चार कांस्यपदकं जिंकली. त्यातलं एक मुंबईच्या कावस बिलिमोरियाचं, तेही सर्वांत जड गटात. नंतरची वर्षं तुरळक यशाची. २०१३ मध्ये मणिपूरच्या कल्पना देवीने ताश्कंद ग्रां प्री या वरिष्ठांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत कांस्य मिळवलं, राष्ट्रकुल स्पर्धेत पदकं आली. रिओला अवतार सिंग, टोकियोला सुशीला लिकमाबम, पॅरिसला तुलिका मान, अशी गेल्या तीन ऑलिंपिकमध्ये प्रत्येकी एकाचीच वर्णी लागली. पॅरिसमध्ये तुलिकाची लढत क्युबाच्या इदालिस ऑर्टिझसमोर २८ सेकंदांत आटोपली.

या पार्श्वभूमीवर २००६ साली जन्मलेली लिंथोई ठळकपणे वेगळी दिसते. मयांग इंफाळची ही मुलगी २०१७ पासून कर्नाटकातल्या विजयनगरच्या इन्स्पायर इन्स्टिट्यूट ऑफ स्पोर्टच्या व्यवस्थेत तयार झाली. तिचे प्रशिक्षक मामुका किझिलाश्विली हे जॉर्जियाचे. ऑगस्ट २०२२ मध्ये सारायेवोला ५७ किलो गटात ब्राझीलच्या बियांका रेइसला हरवून ती कॅडेट जगज्जेती झाली. कोणत्याही वयोगटातल्या जागतिक ज्युदो स्पर्धेत भारताचं ते पहिलं पदक होतं. त्याच वर्षी देशातल्या ज्युदो महासंघाचा कारभार मात्र दिल्ली उच्च न्यायालयाने नेमलेल्या प्रशासकाच्या हाती होता. तिला घडवण्यात संघटनेपेक्षा एका खासगी केंद्राचा आणि परदेशी प्रशिक्षकाचा वाटा मोठा का, याचं उत्तर बरंचसं यातच आहे.

सारायेवोनंतर गुडघ्याची दुखापत आणि वजनगटात बदल, दोन्ही तिच्या वाट्याला आलं. वरच्या गटात प्रतिस्पर्धी अधिक ताकदीच्या असतात आणि सवयीच्या पकडी पुन्हा बसवाव्या लागतात. कॅडेट विजेते बहुधा याच टप्प्यावर दिसेनासे होतात. लिंथोई तिथून लिमाला पोचली. वयाच्या नियमाने २०२६ हे तिचं ज्युनियर गटातलं शेवटचं वर्ष. पुढे क्रमवारीचे गुण वरिष्ठांच्या ग्रां प्री आणि ग्रँड स्लॅममध्ये मिळवायचे आहेत, आणि २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकचा रस्ता तिथूनच जातो.