दोन सेंटीमीटरचा उंबरठा

आत्या चार दिवस राहायला येणार म्हटल्यावर मी पहिल्यांदा काय केलं तर टेप घेतली आणि बाथरूमच्या दाराची चौकट मोजली. आतून आतून ७० सेंटीमीटर. आत्याला फोन करून व्हीलचेअरची रुंदी विचारली, ती म्हणाली ६४. म्हटलं चला, सहा सेंटीमीटर वर उरतायत, काम झालं. ती आली, हॉल पार करून बाथरूमपाशी गेली आणि दारातच थांबली. कारण मी मोजली होती चौकट, आणि ती जाणार होती उघड्या दारातून. दार ९० अंशात उघडलं तरी त्याची जाडी, साडेतीन-चार सेंटीमीटर, चौकटीच्या आतच उभी राहते. म्हणजे मोकळी जागा उरली ६६. त्यात ६४ ची खुर्ची, आणि ती खुर्ची चालते हाताने, चाकाबाहेरच्या गोल कड्याला धरून, म्हणजे दोन्ही बाजूंना बोटांची पेरं बाहेर आलेली असतात, ती कुठे जाणार? चौकटीला घासणार, दुसरं काय.

शेवटी दारच काढलं, बिजागऱ्यांच्या खिळ्या वर ठोकून काढल्या की दहा मिनिटांचं काम आहे, आणि तिथे जाड पडदा लावला. ७० चे पूर्ण ७० मिळाले. (दार काढायचं नसेल तर बाहेरच्या बाजूला वळलेल्या बिजागऱ्या मिळतात, त्याने दार उघडल्यावर चौकटीच्या पूर्ण बाहेर जातं.) नियमांच्या पुस्तकात ही मोकळी रुंदी निदान ८१-८२ सेंटीमीटर हवी म्हणतात, काही ठिकाणी ९०, पण चार दिवसांच्या पाहुणीसाठी कोणी भिंत फोडत नाही, आहे त्यात बघायचं असतं.

रॉन मेस नावाचे एक अमेरिकन आर्किटेक्ट होते, नवव्या वर्षी पोलिओ झाला आणि तेव्हापासून व्हीलचेअर. कॉलेजात त्यांना वर्गात जायला जिन्यावरून उचलून न्यावं लागायचं, आणि टॉयलेटच्या दारातून त्यांची खुर्ची जायची नाही. हाच माणूस पुढे ‘युनिव्हर्सल डिझाईन’ हा शब्द घेऊन आला, म्हणजे वस्तू आणि इमारती पहिल्यापासूनच सगळ्यांना वापरता येतील अशा करायच्या, अपंगांसाठी वेगळं ठिगळ लावायचं नाही. आमच्या बाथरूमच्या दारात उभं राहून मला त्यांची फार आठवण आली.

पण दारापेक्षा मला जास्त शिकवलं उंबरठ्याने. बाल्कनीच्या दाराला आमच्याकडे दोन सेंटीमीटरची पट्टी आहे, आपण वर्षानुवर्षं ती ओलांडतो, ती आहे हेसुद्धा लक्षात नसतं. आत्याची खुर्ची त्या पट्टीला लागली आणि अशी थांबली जशी भिंतीला लागावी. मला वाटलं तिने ब्रेक लावलाय.

झालं काय ते बघा. व्हीलचेअरची मागची चाकं मोठी असतात, साधारण ६० सेंटीमीटर व्यासाची, आणि पुढची छोटी, फिरणारी, बारा-साडेबारा सेंटीमीटरची. चाक अडथळ्यावर चढतं तेव्हा ते त्या अडथळ्याच्या कडेभोवती वळतं, कड म्हणजे टेकू आणि चाक म्हणजे तरफ असं धरा. आडवा जोर लावायला तरफेचा हात किती मिळतो? चाकाची त्रिज्या वजा अडथळ्याची उंची. छोट्या चाकाची त्रिज्या सव्वासहा, त्यातून दोन गेले, उरले सव्वाचार सेंटीमीटर. आणि वजन मागे खेचतं त्याचा हात येतो साडेचारच्या वर. म्हणजे थांबलेलं छोटं चाक दोन सेंटीमीटरच्या पट्टीवर चढवायला त्याच्यावर जेवढं वजन आहे त्याहून जास्त आडवा जोर लागतो! खुर्ची आणि माणूस मिळून ९० किलो धरले आणि त्यातला तिसरा हिस्सा पुढच्या चाकांवर, तर ३० किलोसाठी ३२ किलोइतका रेटा. मोठ्या चाकाला तीच पट्टी म्हणजे स्वतःवरच्या वजनाच्या जेमतेम ३८ टक्के. उंची एकच, फक्त चाकाचा आकार बदलला आणि जवळजवळ तिपटीचा फरक पडला. आणि अडथळा चाकाच्या त्रिज्येइतका उंच झाला तर आडवं ढकलून ते चाक कधीच चढणार नाही, पैलवान आणला तरी, कारण तरफेचा हातच शून्य झालेला असतो.

म्हणून सवय असलेली माणसं काय करतात तर पुढची चाकं अलगद उचलतात, पट्टीच्या पलीकडे टेकवतात, आणि मग मोठी चाकं चढवतात. मदतनीस असेल तर मागे खाली जो दांडा असतो त्यावर पाय देऊन खुर्ची थोडी मागे कलती करायची. पण हे सांगून करायचं बरं का, मी न सांगता केलं आणि आत्या केवढ्याने ओरडली, बसल्या जागी एकदम आभाळ दिसायला लागलं तर कोणीही ओरडेल.

सोपा उपाय म्हणजे पाचर. दोन सेंटीमीटर उंचीला २४ सेंटीमीटर लांब उतरती रबरी किंवा लाकडी पट्टी लावली की पुढच्या चाकांचा तोच ३२ किलोचा रेटा अडीच किलोवर येतो. उंची तेवढीच चढायची आहे, काम तेवढंच होतं, फक्त ते लांब अंतरावर वाटून दिलं.

हाच हिशोब रॅम्पचा. १:१२ हा आकडा तुम्ही ऐकला असेल, एक सेंटीमीटर चढायला बारा सेंटीमीटर लांबी. हा आकडा १९६१ सालच्या अमेरिकन मानकात आला, त्यामागे इलिनॉय विद्यापीठात टिमथी न्यूजंट यांनी तिथल्या व्हीलचेअरवरच्या विद्यार्थ्यांबरोबर केलेलं काम होतं. आता कॉलेजातली पोरं आणि सत्तरीतली आत्या यांच्या दंडात फरक असणारच, त्यामुळे १:१२ ही मर्यादा समजा, आदर्श नाही. १:१२ ला ९० किलो वर न्यायला साडेसात किलोचा जोर सतत लावत राहावा लागतो, १:२० ला साडेचार, आणि लोक घाईत दारात जी फळी टाकतात ती बहुतेक १:६ च्या आसपास असते, तिथे जवळपास पंधरा किलो. शिवाय एक क्षण हात सोडला की मागे.

आणि मागे म्हणजे नुसतं घरंगळणं नाही, उलटणं पण. बसलेल्या माणसाचा आणि खुर्चीचा मिळून गुरुत्वमध्य मागच्या चाकांच्या आसाच्या थोडाच पुढे असतो, खुर्ची हलकी फिरावी म्हणून मुद्दाम तसं करतात. तो जमिनीपासून ६० सेंटीमीटर वर आहे असं धरलं तर १:१२ च्या उतारावर तो ५ सेंटीमीटर मागे सरकतो, १:६ वर १०, आणि १:४ वर १५. आसाच्या मागे गेला की संपलं, खुर्ची पाठीवर. त्यात वर चढताना चाकाला दिलेला झटका पुढची चाकं अजून उचलतो. म्हणून चढताना माणूस पुढे वाकतो, आणि मदतनीस मागे हवा, बाजूला नाही. उतरताना मदतनिसाने खुर्ची उलटी करून, म्हणजे पाठ उताराकडे ठेवून, स्वतः खालच्या बाजूला राहून हळू उतरवावी, नाहीतर माणूस पुढे घसरतो.

आता गंमत बघा, दारात १५ सेंटीमीटरच्या तीन पायऱ्या असतील तर १:१२ ने रॅम्प किती लांब? ४५ गुणिले १२, म्हणजे ५४० सेंटीमीटर, साडेपाच मीटरला थोडा कमी. बहुतेक घरांसमोर एवढी जागाच नसते. मग मागचं दार बघा, गॅरेजकडून वाट आहे का बघा, ते पण नसेल तर दोन दणकट माणसं आणि एकेक पायरी, खुर्ची मागे कलती करून मोठी चाकं पायरीला लावून वर ओढायची. तेव्हा बसणाऱ्याने हात टेकवायच्या दांड्यांना धरून उचलू नका, ते बऱ्याच खुर्च्यांचे निघतात, आणि ते हातात येतात तेव्हा नेमके वाईट वेळी येतात. फ्रेमला धरायचं. आणि पाहुण्यांची खुर्ची बॅटरीवाली असेल तर हा विषयच सोडा, त्यातल्या पुष्कळ खुर्च्या माणसाशिवायच शंभर किलोच्या आसपास किंवा वर जातात.

हाताने ढकलायची घडीची खुर्ची मात्र गाडीच्या डिकीत जाते. ती आली १९३० च्या दशकात. हर्बर्ट एव्हरेस्ट हे खाणीतले इंजिनिअर, अपघातात पाठीचा कणा मोडलेला, त्यांनी हॅरी जेनिंग्ज या इंजिनिअर मित्राबरोबर नळ्यांची, कात्रीसारखी इंग्रजी एक्सच्या आकारात मिटणारी खुर्ची बनवली, आणि व्हीलचेअरवरचा माणूस पाहुणा म्हणून बाहेर पडायला लागला त्यात या कात्रीचा मोठा हात आहे असं माझं मत.

खोलीत काय करायचं ते खरं म्हणजे सामान उचलण्याचंच काम आहे. खुर्ची जागच्या जागी फिरते ती मागच्या दोन चाकांच्या मधल्या बिंदूभोवती, आणि तिथून पावलांच्या टोकापर्यंत ७०-७५ सेंटीमीटर होतात, म्हणून दीड मीटर व्यासाचा मोकळा गोल हवा म्हणतात. प्रत्येक खोलीत नाही मिळाला तरी चालतं, पण बाथरूममध्ये किंवा दाराबाहेर कुठेतरी हवाच, नाहीतर आत गेलेला माणूस पूर्ण वाट उलटा येतो. मी पुठ्ठ्याचा ६५ बाय ११० चा तुकडा कापून जमिनीवरून सरकवत घरभर फिरलो, घरच्यांनी हसून घेतलं, पण टीपॉय कुठे नडतो ते दोन मिनिटांत कळलं. गालिचा गुंडाळून ठेवा. जाड गालिच्यात चाक रुततं, पुढे कायम एक छोटा चढ तयार होत राहतो, आणि पुढची छोटी चाकं कडेला अडकतात ती वेगळीच.

टेबलाखाली गुडघे जायला साधारण ६८-७० सेंटीमीटर मोकळी उंची लागते, आडवी पट्टी असेल तर तिच्या खालून मोजा. आणि एक खुर्ची आधीच काढून ठेवा, पाहुणे आल्यावर ‘अरे ती खुर्ची काढ, आत्याला जागा कर’ असा गलका नको.

बाथरूममधल्या आधाराच्या दांड्याबद्दल मात्र मी कडक आहे. ते सक्शनचे, फरशीला चिकटणारे हॅंडल मिळतात ना, ते अंगाचं वजन टाकायला नाहीत. १० सेंटीमीटर व्यासाच्या कपाला हवेचा दाब जास्तीत जास्त ८० किलोच्या आसपास धरून ठेवेल, ते पण आत पूर्ण निर्वात असेल तर, जे कधीच नसतं, आणि दोन टाईल्सच्या मधल्या फटीतून हवा हळूहळू आत शिरतच असते. संध्याकाळी घट्ट वाटलेलं हॅंडल पहाटे हातात येतं. टॉवेलचा दांडा तर त्याहून बेकार. भिंतीत नीट बसवलेला दांडा, नाहीतर जमिनीवर उभा राहणारा कमोडभोवतीचा स्टॅंड.

एका खुर्चीवरून दुसरीकडे सरकणं हे सगळ्यात जास्त खांद्यावर येतं. कमोड किंवा पलंग खुर्चीच्या सीटच्या पातळीला, म्हणजे जमिनीपासून ४५ ते ५० सेंटीमीटरला असेल तर नुसतं आडवं सरकावं लागतं. पलंग दहा सेंटीमीटर उंच असला तर अख्खं शरीर दोन हातांवर तेवढं उचलायचं, आणि हेच खांदे त्यांचे पाय पण आहेत, दिवसभर तेच चालतात. कमी उंचीचा मऊ सोफा आपल्याला आरामाचा, त्यांना खड्डा. बसवायचा आग्रह करू नका, खुर्चीतलं कुशन नेमकं दाब वाटून देण्यासाठी घेतलेलं असतं.

मणक्याच्या दुखापतीमुळे कमरेखाली संवेदना नसेल तर अजून एक, गरम पाणी. ६० अंश सेल्सिअसचं पाणी पाचेक सेकंदांत कातडी भाजतं, ४९ ला काही मिनिटं लागतात. आपण पाय झटकतो, त्यांना कळतच नाही. गीझरचं तापमान खाली आणा, आणि बेसिनखालचा गरम पाण्याचा पाईप उघडा असेल तर त्याला काहीतरी गुंडाळा, गुडघे तिथेच टेकतात.

हे सगळं करून मी स्वतःवर खूश होतो आणि पहिल्याच रात्री घोळ झाला. कोणीतरी, म्हणजे मीच, रात्री वाटेत नको म्हणून आत्याची खुर्ची पलंगापासून उचलून पॅसेजमध्ये नेऊन ठेवली. सकाळी गेलो तर ती पलंगावर बसलेली. म्हणाली, ‘अरे, रात्री माझे पाय कोण घेऊन गेलं?’ पाच वाजल्यापासून जागी होती, आमची झोपमोड नको म्हणून हाक मारली नाही.

दुसऱ्या रात्रीपासून खुर्ची पलंगाला चिकटून, थोडी तिरकी, ब्रेक लावलेली, पायाच्या पट्ट्या बाजूला वळवलेल्या, आणि दिव्याचं बटण हाताला येईल असं. तिरकी किती ठेवायची ते तिने स्वतः दाखवलं, तिला डावीकडून सरकायला सोपं जातं, आणि मी अर्थातच उजवीकडे लावली होती.