धार तोडणं म्हणजे व्यायाम नव्हे

इंदुरात रामबागेपासून लोकमान्यनगरापर्यंतच्या मराठी घरांत एक सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय: बाळंतपणानंतर खोकताना लघवी गळते? मग रोज लघवी करताना धार मध्येच तोडा, स्नायू घट्ट होतात. हे अर्धंच खरं आहे, आणि घोटाळा त्या अर्ध्यातच आहे.

एखाददा धार अडवून पाहिली की कोणता स्नायू आवळायचा ते कळतं. उपयोग तेवढाच. रोज केलं तर मूत्राशय रिकामं होत असतानाच त्याला थांबण्याचा इशारा मिळतो. लघवी मागे उरू शकते आणि संसर्गाला वाव मिळतो.

खरा व्यायाम लघवी करून आल्यावर. आडवं पडा, वारा सरू नये म्हणून अडवतो तसा तोच स्नायू आत आणि वर ओढा, 6 ते 8 सेकंद धरा, तेवढाच वेळ सैल सोडा. असं 8 ते 12 वेळा, दिवसातून तीनदा, निदान 3 महिने. सुरुवातीला 3 सेकंदही पुरेत. पोट खाली ढकललं, नितंब आवळले किंवा श्वास कोंडला, तर मेहनत फुकट. आकडे मोठ्याने मोजा, श्वास आपोआप चालू राहतो. पोह्यांच्या फोडणीत मिरचीचा ठसका येणार असं वाटलं, की आधी आवळा, मग खोका.

प्रोस्टेटच्या कॅन्सरमुळे ग्रंथी काढलेल्या पुरुषांनाही हाच व्यायाम देतात. फक्त कॅथेटर (लघवीसाठी घातलेली नळी) असेपर्यंत करायचा नाही.

ज्यांना लघवी सुरू व्हायलाच वेळ लागतो किंवा ओटीपोट दुखतं, त्यांनी आधी तपासून घ्यावं. त्यांचे स्नायू सैल नसून ताठलेले असू शकतात, आणि आवळण्याने त्रास वाढतो.